पॉलिसी रिसर्च सेंटरमध्ये नक्की कोण काय काम करतं? मुलीला ऑफर आलीये

अंबरनाथची_आई

नमस्कार मंडळी. इथे नोकरी-शिक्षणाबद्दल बरेच जण मनापासून लिहितात, म्हणून विचारतेय. माझ्या मुलीचं गेल्या वर्षी इकॉनॉमिक्समध्ये एमए झालं आणि आता तिला मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या पब्लिक पॉलिसी रिसर्च सेंटरमधून ऑफर आलीये. पद रिसर्च असिस्टंटचं, करार ११ महिन्यांचा, पगार महिना ३२ हजार ठोक. प्रोजेक्ट वस्त्यांमधलं पाणी आणि संडास यावर आहे म्हणे. पोरगी भयंकर खूश आहे, आठवडाभर जमिनीवर पाय नाहीत तिचे.

मी टपाल खात्यात आहे, २६ वर्षं झाली. काउंटरवर समोर आलेला माणूस काय काम करतो ते मला दोन वाक्यांत कळतं, पण हे काम काय आहे ते मला खरंच कळत नाहीये. घरात प्रत्येकाचं वेगळं. दीर म्हणतात ही एनजीओच, नाव फक्त मोठं. माझा भाऊ म्हणतो बँकेच्या परीक्षा दे, वय निघून जाईल. सासूबाई विचारतात ती शिकवणार आहे का, आणि नाही म्हटलं की म्हणतात मग कॉलेजात जाऊन करणार काय दिवसभर. आणि मला यातल्या कुणालाच उत्तर देता येत नाही याचं वाईट वाटतं, कारण तिने शिकावं म्हणून सगळ्यात जास्त मीच भांडलेय.

तिने मला त्यांचं माहितीपत्रक दाखवलं, त्यात माणसांची यादी आहे. वर संचालक, मग दोन प्राध्यापक, मग फेलो, सीनियर रिसर्च असोसिएट, प्रोग्रॅम मॅनेजर, अकाउंट्स, फील्ड को-ऑर्डिनेटर, आणि सगळ्यात शेवटी नुसतं "फील्ड टीम" असं लिहिलेलं, ना नाव ना फोटो. तर ही सगळी माणसं सकाळी ऑफिसात येऊन करतात काय? संशोधन म्हणजे मला लॅब डोळ्यासमोर येते. धोरण ठरवतं सरकार, मग हे कोण? आणि ११ महिन्यांनंतर काय? कुणी अशा ठिकाणी काम केलं असेल तर प्लीज जरा सविस्तर सांगा, तिला होकार कळवायला सोमवारपर्यंत वेळ आहे.

कलिना_ते_देवनार

ताई, आधी मुलीचं अभिनंदन. मी नऊ वर्षं अशा दोन सेंटरमध्ये काढलीत, असिस्टंटपासून असोसिएटपर्यंत, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे घरच्यांना सांगा की हा प्रकार मुंबईला नवा नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस होते, नगररचनाकार माणूस, शहर समजून घ्यायचं तर आधी ते पायी फिरून बघायचं ही त्यांची पद्धत. त्यांच्यानंतर घुर्ये सर आले, इरावतीबाई कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. देवनारची टाटा इन्स्टिट्यूट १९३६ ची. तिच्या जवळच लोकसंख्याशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, १९५६ ची, तीही विद्यापीठाच्या दर्जाची. देशात किती बायकांना अ‍ॅनिमिया आहे, किती घरांत संडास आहे हे आकडे जे पेपरात येतात ना, तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे तिथून चालतो. २०१९ ते २१ च्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार घरांत माणसं गेली होती. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढलेली संस्था आहे, पवईला आयआयटीतही पॉलिसीचं वेगळं सेंटर आहे. म्हणजे हार्बर नाहीतर वेस्टर्न, कुठेही उतरलात तरी हे काम करणारं कुणीतरी भेटेल.

आता माणसं काय करतात. संचालक आणि प्राध्यापक मंडळींचा निम्मा वेळ शिकवण्यात आणि उरलेल्यातला बराचसा पैसा आणण्यात जातो, म्हणजे प्रस्ताव लिहिणं, मंत्रालयात मीटिंगा, दिल्लीला प्रेझेंटेशन. प्रश्न काय विचारायचा हे बहुतेक वेळा ते ठरवतात. त्या प्रश्नाचं काम खऱ्या अर्थाने उभं करतात ते असोसिएट आणि असिस्टंट, म्हणजे तुमची मुलगी.

माझा एक साधा दिवस सांगतो. सकाळी येऊन शासन निर्णय वाचायचे. पाण्याच्या कनेक्शनचा नियम आज काय आहे हे कळायला एक जीआर पुरत नाही, त्याच्या वरच्या भागात "वाचा" म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, मग तो जुना शोधा, त्याच्यात आणखी जुना, असं करत करत वीस-पंचवीस वर्षं मागे जायला लागतं आणि मध्येच एखादा कुठेच सापडत नाही. सापडलेला स्कॅन केलेला, तिरका, शिक्का बरोबर तारखेवर मारलेला. जुन्या फाँटमधली फाइल असेल तर कॉपी केल्यावर अक्षरांची अशी खिचडी होते की शेवटी बसून हाताने टाइप करायचं. जे अजिबात मिळत नाही त्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एकाच विषयावर दीडशे शब्दांत बसवायचा. दीडशे शब्दांत नेमकं काय मागायचं हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

दुपारी प्रश्नावली. आणि ताई, यात खरी बुद्धी लागते, बाहेरच्यांना वाटतं चार प्रश्न लिहिले की झालं. "तुमच्या घरात किती माणसं राहतात" हा प्रश्न घ्या. दहा बाय पंधराच्या खोलीत दोन भाऊ, दोघांच्या बायका, खाली एक चूल, पोटमाळ्यावर दुसरी. घर एक की दोन? जनगणनेत हे एकत्र स्वयंपाकावरून ठरवतात, म्हणून आम्हीही "एका चुलीवर जेवणारे किती" असं विचारायला लागलो. हा एक शब्द चुकला तर माणशी किती लिटर पाणी मिळतं तो आकडा सरळ निम्मा किंवा दुप्पट होतो, आणि तो आकडा घेऊन पुढे कुणीतरी सभागृहात बोलणार असतं. तुमच्या मुलीचं एमए इथे कामाला येतं, आणि तुमची काउंटरवरची नजर तिच्यात उतरली असेल तर तीसुद्धा.

संध्याकाळी फील्डमधून टॅबवर आलेला डेटा तपासायचा, कुठे वय २१० पडलंय, कुठे सलग सहा घरांची उत्तरं तंतोतंत सारखी आलीत. सारखी आली की फोन करून विचारायचं. शेवटचे दोन महिने फक्त लिखाण.

पुढचं म्हणाल तर ११ महिन्यांचे करार सगळीकडेच आहेत आणि ते चांगलं नाही, यावर मी गोड बोलणार नाही. माझे तीन वेळा रिन्यू झाले, एकदा झाला नाही, तेव्हा चार महिने घरी होतो. पण या काळात तिने नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप काढली तर पीएचडीला महिना ३७ हजार आणि वर घरभाडं मिळतं, शिवाय इथलं काम बघितलेलं असलं की पीएचडीचा विषय हवेतला निघत नाही. माझं मत विचाराल तर जाऊ दे तिला.

गोवंडीची_फील्डवाली

वरच्या दादांनी छान लिहिलंय, पण यादीत शेवटी जे नुसतं "फील्ड टीम" आहे ना ताई, ती मी. म्हणून मला लिहायलाच पाहिजे.

मी शिवाजीनगरची, गोवंडी, जन्म इथलाच. बारावीनंतर एका सर्व्हेला १५ दिवसांसाठी गेले आणि आता १४ वर्षं झाली, वेगवेगळ्या सेंटरसाठी करते. आमचा एम पूर्व वॉर्ड, २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात २४ वॉर्डांमध्ये सगळ्यात शेवटी होता. तेव्हापासून इथे जो येतो तो सर्व्हे करायला येतो, एकेका घराने चार-चार, पाच-पाच सर्व्हे दिलेत. त्यामुळे दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न तेच विचारतात, "मॅडम, पिछली बार भी लिखके ले गये थे, क्या हुआ?" याचं खरं उत्तर देता आलं पाहिजे. मी सांगते की मागचा अहवाल अमुक ठिकाणी दिला, त्यातून आतापर्यंत एवढंच झालंय, पुढचं मला माहीत नाही. खोटं आश्वासन दिलं तर पुढच्या वेळी ती गल्ली बंद.

मुंबईत अजून एक भानगड असते ती बाहेरून आलेल्या मुलांना कळत नाही. तुम्ही हातात फॉर्म घेऊन वस्तीत शिरलात की लोकांना वाटतं एसआरएवाले, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनवाले आले, नव्या घरासाठी पात्र-अपात्र ठरवायला. लगेच आतून प्लास्टिकची पिशवी येते, त्यात फोटोपास म्हणजे झोपडीचं सरकारी ओळखपत्र, जुनं लाइट बिल, मतदार यादीतलं नाव, "२००० के पहले का है, देखो." मागे एक म्हातारी आजी, मी नुसतं पाण्याचं विचारत होते, तर तिने पिशवीतला एकेक कागद चटईवर मांडला, हाताने सुरकुत्या काढत काढत, आणि मला म्हणाली नीट लिही हां बेटा, माझं नाव कटायला नको. मी तिला तीन वेळा सांगितलं की हे त्यासाठी नाहीये, आणि तरी ती निघताना परत तेच म्हणाली. त्या दिवशी मी पुढची घरं केलीच नाहीत, ऑफिसला जाऊन सांगितलं की संमतीपत्रातलं पहिलंच वाक्य बदला, "हा सर्व्हे घराच्या पात्रतेसाठी नाही" हे सगळ्यात वर पाहिजे, हिंदीत आणि मराठीत, मोठ्या अक्षरात. आधी ते तिसऱ्या परिच्छेदात होतं. सरांनी त्याच रात्री बदललं, हे मला त्यांचं आवडलं.

आणि प्रश्न ऑफिसात कितीही चांगला लिहिला तरी गल्लीत तो वेगळा होतो. "संडास आहे का?" विचारलं की हो म्हणतात, कारण गल्लीच्या टोकाला आहे ना पैसे देऊन जायचा. मग विचारायचं कुठे आहे, रात्री अकरानंतर उघडा असतो का, पोरीबाळी एकट्या जातात का, नाही गेल्या तर काय करतात. या शेवटच्या प्रश्नाला बायका थांबतात. तिथे घाई करायची नाही, टॅबकडे बघायचं नाही. नवरा दारात उभा असेल तर तो प्रश्न सोडून पुढे जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. वेळेचं पण तसंच, पाणी यायच्या वेळेला गेलात तर कोणी बोलणार नाही, पाणी भरून झालं, पोरं शाळेत गेली की मग बायका निवांत असतात.

आमचे पैसे बऱ्याच ठिकाणी फॉर्मवर असतात, एका पूर्ण फॉर्ममागे एवढे असे. बंद घराचे पैसे नाहीत, परत गेलो त्याचे नाहीत. मग सांगा, कोण परत जाईल? दादा म्हणाले सलग सहा घरांची उत्तरं सारखी येतात, त्यातली काही अशीच आलेली असतात. मी कुणाची बाजू घेत नाहीये, चूक ती चूकच, पण दिवसाच्या हिशेबाने पैसे देणाऱ्या सेंटरमध्ये हे कमी होतं हे मी डोळ्याने बघितलंय.

म्हणून ताई, मुलीला सांगा होकार द्यायच्या आधी एकच विचार, फील्डवाल्यांना पैसे दिवसाचे देता की फॉर्मचे, आणि मला स्वतःला किती दिवस फील्डवर पाठवणार. या उत्तरावरून सेंटर कसं आहे ते तिला कळेल.

अंबरनाथची_आई

तुम्ही दोघांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. ते आजींचं वाचून मी लेकीला हाक मारली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. ती गप्प झाली. मग म्हणाली मला हेच काम पाहिजे. सासूबाई पण ऐकत होत्या, त्या म्हणाल्या म्हणजे आमच्या वेळी डोंबिवलीच्या चाळीत नळावर कोण भांडतं त्याची नोंद ठेवणारं कोणीतरी पाहिजे होतं तसं. मी हो म्हटलं.

पैशाचं अजून कुणी सांगाल का? ठोक म्हणजे पीएफ नाही का? आणि पगार वेळेवर होतो ना?

हिशेब_खिडकी

मी एका सेंटरच्या अकाउंट्समध्ये ११ वर्षं होते, आता दुसरीकडे आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते, नाव कुठलंच घेत नाही.

तिला विचारायला सांगा की माझा पगार कोणत्या हेडमधून आहे. विद्यापीठाच्या मंजूर पदावरचा पगार वेगळा आणि प्रोजेक्टच्या पैशातून येणारा वेगळा. असिस्टंट लोकांचा जवळजवळ नेहमी प्रोजेक्टमधून असतो. प्रोजेक्टचे पैसे हप्त्यांनी येतात, पहिला हप्ता खर्च करून त्याचा हिशेब म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. केंद्राचा पैसा असेल तर ते जीएफआर म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या १२-अ नमुन्यात, सही, शिक्का, ऑडिटर, सगळं. यातला एक कागद कुठल्या टेबलावर अडकला की खाली वीस पगार अडकतात. आमच्याकडे एका वर्षी जानेवारी ते मार्च, तीन महिने पगार झाले नाहीत. फील्डची पोरं माझ्या खिडकीशी येऊन उभी राहायची, काही बोलायची नाहीत, नुसती उभी राहायची, आणि मला माहीत असायचं की चूक ना त्यांची ना माझी. मी रोज त्या कार्यालयात फोन करायचे. शेवटी आमच्या सरांनी विद्यापीठाच्या दुसऱ्या फंडातून उसनवारीला मंजुरी आणली तेव्हा सुटलं. तर विचारायचं ते हे, की हप्ता लांबला तर पगार कुठून देता. ज्या सेंटरकडे याचं उत्तर तयार आहे तिथे माणसं टिकतात.

परदेशी पैसा असेल तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासनावरचा खर्च २० टक्क्यांवर आला, आधी ५० होता. त्यामुळे ऑफिसातली पदं कमी झाली आणि दोघांचं काम एकाच्या गळ्यात आलं, हेही तिला दिसेल.

पीएफ नेमणूकपत्रात लिहिलेलं पाहिजे, तोंडी हो चालत नाही. ठोक लिहिलंय म्हणजे बहुधा नसेल, पण विचारायला काय जातं, मी माझ्या डोळ्यासमोर दोघींना विचारल्यावर मिळालेलं बघितलंय.

एक छोटी गोष्ट, फील्डला जायला लागली की रिक्षाचा खर्च रोजच्या रोज व्हाउचरवर लिहायचा, कुठून कुठे, किती, कशासाठी. रिक्षावाला बिल देत नाही आणि महिन्याने आठवत नाही. स्वतःच्या पैशाने फिरून गप्प बसणाऱ्या मुली मी खूप बघितल्या, तिला तसं करू देऊ नका.

परत_ठाण्यात

मी थोडं वेगळं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. मी चार वर्षं केलं आणि सोडलं, आता कंपनीत डेटाचं काम करतो, पगार अडीचपट. पैशासाठी सोडलं असं लोकांना वाटतं पण खरं कारण ते नाही. आम्ही दीड वर्ष राबून एक अहवाल केला, चांगला होता, मला आजही त्यातलं पान न पान आठवतं. प्रकाशनाला सभागृह भरलं, फोटो झाले, आणि नंतर वर्षभराने मी त्याच विभागात दुसऱ्या कामाला गेलो तर कपाटावर आमच्या दहाच्या दहा प्रती, बांधलेली सुतळी पण सोडलेली नव्हती. मी ती सुतळी विसरू शकत नाही. मुलीला जाऊ दे, पण हे माहीत असून जाऊ दे.

निवृत्त_कक्षाधिकारी

परत ठाण्यात, तुमचं दुःख खरं आहे आणि मी कपाटाच्या या बाजूचा माणूस आहे, मंत्रालयात ३१ वर्षं काढली, म्हणून उत्तर देतो.

तीनशे पानांचा इंग्रजी अहवाल विभागात कोण वाचतं? सचिवांना वेळ नसतो. तो येतो खाली कक्षात, आणि कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर तेव्हा विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं, कोर्टाची प्रतिज्ञापत्रं, पुरवणी मागण्या असं सगळं पडलेलं असतं. तो अहवाल बाजूला ठेवतो, द्वेषाने नाही, त्या अहवालावरून टिपणी कशी लिहायची हे त्याला सापडत नाही म्हणून. आमच्याकडे एक बाई यायच्या, एका विद्यापीठाच्या सेंटरमधल्या, संचालक नव्हे, असोसिएटच होत्या. त्या अहवाल आणायच्याच नाहीत. मराठीत दोन पानं आणायच्या, त्यात सध्याचा शासन निर्णय कोणता, त्यातली कुठली अट अडते, ती कशी बदलता येईल आणि बदलली तर अंदाजे खर्च किती. ती दोन पानं मी जवळजवळ तशीच टिपणीत घेऊ शकायचो. आणि त्या बजेटच्या अधिवेशनात यायच्या नाहीत, कितीतरी महिने आधी यायच्या, कारण आकडे विभागात तेव्हा बसत असतात. त्यांच्या चार मुद्द्यांपैकी एक झाला, तीन वर्षांनी. त्यांनी मला पेढे आणून दिले होते.

एवढंच कशाला, रोजगार हमी घ्या. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला काम द्यायचं ही कल्पना त्यांनी आधी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला लहान प्रमाणात करून बघितली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या दांडेकर-रथांचा दारिद्र्याचा अभ्यास आला होता, त्यातही गरिबांना कामं काढून द्यायचाच मार्ग सांगितलेला. कायदा झाला १९७७ ला, अंमल १९७९ च्या २६ जानेवारीपासून, आणि केंद्राने तशा धर्तीवर देशभर कायदा केला तो २००५ ला. विसापूर ते दिल्ली एवढा वेळ लागला. पण त्यामुळे किती घरांत चूल पेटली.

आणि ताई, या योजनेसाठी पैसा कुठून आणला माहितीये का, १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लावून. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला जे २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००, ते हेच. बायकांना आता २५ हजारांपर्यंत माफी आहे, पण मुलीचा पगार ३२ असेल तर तिचेही कापतील.

कलिना_ते_देवनार

साहेब, ही दोन पानांची गोष्ट मला नऊ वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. ठाणेकर दादा, तुमचा तो अहवाल अजून असेल तर मला निरोप करा, मी मनापासून म्हणतोय. आमच्याकडे सध्या जुन्या अभ्यासांच्या मराठीत छोट्या टिपणी करायचं काम सुरू आहे, दोन मुली त्यावरच बसल्यात. दीड वर्षाचं काम तुमचं, सुतळी आम्ही सोडतो.

परत_ठाण्यात

आहे माझ्याकडे. पाठवतो. डेटा पण आहे, नावं-पत्ते काढून टाकलेला.

अंबरनाथची_आई

मंडळी, सांगायला आले. सोमवारी ती स्वतः जाऊन भेटून आली, तुम्ही सांगितलेले सगळे प्रश्न वहीत लिहून नेले होते. फील्डवाल्यांना दिवसाचे पैसे देतात. पहिले तीन महिने आठवड्यातून तीन दिवस तिला वस्तीत जायचं आहे, मानखुर्दला. पीएफ नव्हता, तिने विचारलं तर म्हणाले रजिस्ट्रार ऑफिसला लिहून बघतो, आणि ते लिहिलेल्या पत्राची कॉपी तिला काल ईमेलने आली. हप्ता लांबला तर काय, यावर मॅडम थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या दोन महिन्यांपर्यंत सांभाळू शकतो, तिसऱ्या महिन्याचं मी तुला खोटं सांगणार नाही. माझ्या लेकीला ते आवडलं, आणि मलाही. होकार दिला तिने. एक तारखेपासून आहे.

भावाला मी फोन करून सांगितलं. तो अजून बँकेचंच म्हणतोय, असू दे. सासूबाईंनी मात्र शेजारी सांगितलंय की नात पाण्याचा हिशेब ठेवायला जाते.

माझी स्वतःची स्लिप काढून बघितली, २०० रुपये. २६ वर्षं बघतेय ती ओळ.

गोवंडीच्या ताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. पावसात वस्तीत फिरायचं म्हणजे पायात काय घालायचं? ती स्पोर्ट्स शूज घेऊया म्हणते, मला वाटतं ओले राहून पाय खराब होतील.

गोवंडीची_फील्डवाली

शूज नको ताई, दोन दिवसांत वास मारतील आणि प्रत्येक दारात लेस सोडत बसावं लागेल, चप्पल बाहेर काढल्याशिवाय कुणाच्या घरात जायचं नसतं. मागून पट्टा असलेली रबरी सँडल घ्या, कुर्ला स्टेशनबाहेर मिळतात, एक नंबर मोठी घेऊ नका, चिखलात निसटते. टॅबसाठी झिपवाली प्लास्टिकची पिशवी, बॅगेत एक कोरडा पंचा आणि पाण्याची बाटली घरून भरून. वस्तीत कोणी पाणी दिलं तर नाही म्हणायचं नाही, पण दोन घोट घ्यायचे, त्यांनी ते विकत आणलेलं असतं. आणि मानखुर्दला पहिल्या दिवशी कुठल्या गल्लीत आहे ते मला कळवा, माझी मावशी तिथेच राहते, मी येईन तिच्याबरोबर.